गॅसचा उसना वास

अमेरिकेत घरगाडी घेऊन हिंडणाऱ्या माणसांच्या, म्हणजे तिकडच्या आरव्हीवाल्यांच्या, वाट्याला एक प्रसंग कधी ना कधी येतोच. थंडीची रात्र असते, गाडी कुठल्याशा कॅम्पग्राउंडवर लावलेली असते आणि आत प्रोपेनवरचा हीटर चालू असतो. एकदम गॅसचा वास येतो. माणूस टॉर्च घेऊन बाहेर धावतो, पुढच्या बाजूला बसवलेल्या दोन सिलिंडरांचे व्हॉल्व्ह बंद करतो. मग साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडावर लावतो. ज्या जोडावर बुडबुडा फुगेल तिथे गळती, हा नियम. तेवढ्यापुरता व्हॉल्व्ह उघडून पाहिलं तरी बुडबुडा कुठेच दिसत नाही. उजाडल्यावर कळतं, की दोनपैकी एक सिलिंडर संपत आलेला होता.

याचं कारण साधं आहे. सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर आणखी एक रसायन असतं, ते म्हणजे एथिल मरकॅप्टन. प्रोपेन उकळतो उणे ४२ अंशांना, मरकॅप्टन ३५ अंशांना. त्यामुळे वाफ होऊन बाहेर पडायला प्रोपेन पुढे आणि मरकॅप्टन मागे. सिलिंडर संपत येतो तसा तळाच्या उरल्यासुरल्या द्रवात वास दाटत जातो. तरीही वास आल्यावर आधी साबणाचं पाणी आणि मग हे स्पष्टीकरण, हाच क्रम बरोबर.

आपण ज्याला बिनधास्त ‘गॅसचा वास’ म्हणतो तो गॅसचा नाहीच. प्रोपेनला रंग नाही आणि वासही नाही. वास त्याला बाहेरून दिलेला आहे, आणि तो का दिला याची कथा मोठी दुःखाची आहे.

मरकॅप्टन हे नाव दिलं विल्यम त्साइसे या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने, १८३४च्या सुमारास. ही संयुगं पाऱ्याला घट्ट धरतात, म्हणून लॅटिनमधल्या ‘पाऱ्याला पकडणारा’ या अर्थाच्या दोन शब्दांतून त्याने ते घडवलं. गंधक पोटात असलेलं हे कुळ कुजलेल्या कोबीसारखं घाण मारतं. हवेच्या अब्जावधी भागांत त्याचे मोजके कण असले तरी माणसाचं नाक ते ओळखतं. १८८०च्या दशकात जर्मनीत बिनवासाच्या विषारी ‘वॉटर गॅस’ची गळती कळावी म्हणून ते मिसळून पाहिलं गेलं होतं. उपाय माहीत होता, सक्ती मात्र कुठेच नव्हती.

प्रोपेन या कथेत आला तो १९१० साली. पिट्सबर्गमध्ये अमेरिकी खाण विभागाचे रसायनतज्ज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांच्याकडे एका मोटारमालकाची तक्रार गेली, की विकत घेतलेलं पेट्रोल टाकीतून उडून जातं. स्नेलिंग यांनी ते काचेच्या बरणीत भरून घेतलं, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बूच सारखं उडत राहिलं. उडणाऱ्या त्या वाफांत प्रोपेन सापडला. दाब दिला की द्रव होणारा आणि दाब काढला की पुन्हा वायू होऊन साधारण २७० पट फुगणारा हा पदार्थ बाटलीत भरून कुठेही नेता येत होता. तेव्हा घरगाडीची चूल, फ्रिज, गरम पाणी हे सगळं स्नेलिंग यांच्या त्या बरणीतून आलं असं म्हणायला हरकत नाही.

आता १८ मार्च १९३७. पूर्व टेक्सासमधलं न्यू लंडन हे तेलविहिरींच्या पट्ट्यातलं गाव, आणि तिथली शाळा त्या काळातल्या श्रीमंत शाळांपैकी एक. इतकी सुबत्ता असूनही इंधनाचा खर्च वाचवायला शाळेने त्या वर्षाच्या सुरुवातीला गॅस विकत घेणं थांबवलं आणि तेलकंपनीच्या नळातला उरलेला कच्चा गॅस जोडून घेतला. असं करणारी ती एकटी नव्हती, आसपासची घरंही तेच करत. तो नैसर्गिक वायू होता, प्रोपेन नव्हे, पण वास त्यालाही नव्हता. कुठेतरी जोड गळत होता आणि इमारतीखालच्या पोकळीत गॅस साचत होता. मुलं डोकेदुखीची तक्रार करत होती, पण कारण कुणाच्या ध्यानात आलं नाही. शाळा सुटायला थोडाच वेळ उरला असताना कार्यशाळेतल्या शिक्षकांनी लाकूड घासायच्या यंत्राचं बटण दाबलं. त्या एका ठिणगीने इमारत उचलली गेली आणि कोसळली. सुमारे ३०० जीव गेले, त्यांतली बहुतेक मुलं. ढिगाऱ्यात एक फळा सापडला. तेल आणि वायू हे या भागाला मिळालेलं सर्वांत मोठं वरदान आहे, अशा आशयाचं वाक्य त्यावर खडूने लिहिलेलं होतं. हे वाचताना अजूनही माझा घसा दाटतो.

त्याच वर्षी टेक्सासने कायदा केला, की गॅसला वास दिलाच पाहिजे. इतर राज्यांनी आणि पुढे इतर देशांनी तोच रस्ता धरला. तिथून ही बाब ऐच्छिक राहिली नाही.

या वासाने माणसांखेरीज आणखी कुणाला साद घातली ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कॅलिफोर्नियातल्या एका तेलकंपनीच्या माणसांच्या लक्षात आलं होतं, की वास दिलेला गॅस पाइपलाइनमधून जिथे गळतो तिथे वर गिधाडं घिरट्या घालतात. टर्की व्हल्चर या जातीच्या गिधाडाला सडणारं मांस वासाने सापडतं, आणि मरकॅप्टन नेमका तसाच वास. गिधाडं दिसली की गळती शोधायची, असं ती माणसं करू लागली. केनेथ स्टेगर या पक्षितज्ज्ञाने हे ऐकलं, पुढे त्यावर काम केलं, आणि गिधाडं वासाने भक्ष्य शोधतात की नजरेने या जुन्या वादात १९६४ साली आपला अभ्यास मांडला.

मात्र सगळा भार या वासावर टाकता येत नाही. अमेरिकी नियमाप्रमाणे हजार लिटर द्रव प्रोपेनमध्ये जेमतेम १२ ग्रॅम मरकॅप्टन असतं. पेट घ्यायला हवेत साधारण दोन टक्के प्रोपेन लागतो, आणि त्याच्या पाचव्या हिश्शातच नाकाला कळावं असा हिशोब आहे. पण कोऱ्या किंवा आतून गंजलेल्या सिलिंडरमध्ये पोलाद हे मरकॅप्टन खाऊन टाकतं आणि वास फिका पडतो. वासात बराच वेळ बसलं की नाकही बोथटतं. झोपेत तर ते जागं करेलच असं नाही. शिवाय प्रोपेन हवेच्या दीडपट जड, म्हणजे छोट्याशा घरगाडीत तो जमिनीलगत पसरतो. म्हणून तिथला गॅस-डिटेक्टर जमिनीजवळ बसवतात, आणि त्याचंही आयुष्य ५ ते ७ वर्षांचं असतं. दिवा लागतो म्हणजे डिटेक्टर चांगला, हा समज घातक आहे. मागच्या बाजूची तारीख पाहावी.

घरगाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की फ्रिजच्या आणि गीझरच्या बर्नरनळीत कोळी जाळं करतात. या वासानेच ते येतात असं जुने आरव्हीवाले सांगतात. ते काही असो, जाळ्याने हवा अडली की निळी ज्योत पिवळी होते, काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हंगामाच्या सुरुवातीला ती नळी साफ करणं हे या साऱ्या देखभालीतलं सर्वांत दुर्लक्षित काम. दुसरं, व्हॉल्व्ह सावकाश उघडणं. झटक्यात उघडला तर अतिप्रवाह रोखणारी झडप गळती समजून वाट अडवते, आणि चूल का पेटत नाही म्हणून माणूस रेग्युलेटरला दोष देत बसतो.

आपल्याकडे एलपीजी १९५५ साली मुंबईत आला. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं, पण वास तोच. रात्री तो आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि दिव्याच्या बटणाला हात लावू नका. लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण न्यू लंडनमध्ये एवढंच घडलं होतं. मग घराबाहेर येऊन १९०६ फिरवा. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक देशभर २४ तास चालू असतो.