नवखा कामगार आणि यंत्र : नांदेड-लातूर परिसरातील जिनिंग-प्रेसिंग व कारखाना कायद्याची वाटचाल

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासाचा विचार बहुतांशी निजामी राजवटीचे धोरण, कापसाची बाजारपेठ आणि सहकाराचा उदय या अंगांनी केला जातो. कामाच्या पहिल्या दिवशी यंत्रासमोर उभा राहणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा त्यात क्वचितच दिसतो. वास्तविक यंत्राची ओळख नसलेल्या माणसालाच यंत्राचा धोका सर्वाधिक असतो आणि कायद्यालाही हे फार पूर्वी उमगले होते. हे उमगणे नांदेड-लातूरच्या जिनिंगपर्यंत कितपत पोहोचले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :

हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेमुळे १९०० च्या सुमारास नांदेड लोहमार्गावर आले. लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये पोहोचली. गावराणी कापसाचा हा मुलूख होता, त्यामुळे रेल्वेपाठोपाठ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने येणे स्वाभाविकच होते. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नांदेड येथे उस्मानशाही मिल उभी राहिली. लातूर हा त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका होता. स्वतंत्र जिल्हा म्हणून तो १९८२ मध्ये अस्तित्वात आला.

ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा १८८१ चा. शंभर वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरता तो होता. सात वर्षांखालील मुलांना त्याने कामावर बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले, १९२२ मध्ये बारा. आणखी एक बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने प्रारंभीच्या कायद्यातून वगळलेले होते. १९११ च्या कायद्याने ते कक्षेत आले. म्हणजे कापसाच्या हंगामापुरते चालणारे जिन तीस वर्षे कायद्याच्या उंबरठ्याबाहेर राहिले, आणि हे शेजारच्या वऱ्हाडाबाबत. मराठवाडा तर संस्थानी मुलूख. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथे आपोआप लागू होत नव्हता.

कामगारांच्या बाजूने या प्रश्नाला वाचा फोडली ती मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभेतून फॅक्टरी कमिशनकडे पाठविलेल्या, सुमारे साडेपाच हजार सह्यांच्या निवेदनात आठवड्याची सुट्टी व वेळेवर पगार यांबरोबर एक मागणी होती : कामावर जबर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे व तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. तथापि दुखापतीनंतर काय, हाच या मागणीचा रोख होता. दुखापत होऊ नये म्हणून नवख्याला आधी काय सांगावे, हा प्रश्न पुष्कळ उशिरा आला.

जिनमधील धोक्याचे स्वरूप :

जिनिंगची रचना लक्षात घेतल्याशिवाय पुढील विवेचन स्पष्ट होणार नाही. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात रेच्यांची रांग जमिनीवर असे आणि त्यांना फिरविणारा लांबलचक शाफ्ट बहुधा जमिनीखालील बोगद्यासारख्या गल्लीत असे. सरकीही खालीच पडे. ती काढण्यासाठी आणि शाफ्टला तेल घालण्यासाठी माणसाला फिरत्या पट्ट्यांच्या व शाफ्टच्या शेजारून वाकून जावे लागे. धोतराचा सोगा, पदर, गळ्यातला गमछा पट्ट्यात अडकण्यास क्षण पुरेसा होता. हवेत कापसाची धूळ. या धुळीने छाती आवळणारा श्वसनविकार जडतो आणि सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी त्याचा त्रास अधिक जाणवतो. रुईच्या ढिगाला आग लागली तर ती पसरण्यास वेळ लागत नाही.

या सर्वांवर हंगामीपणाची भर. गिरणीत मुलगा बापाच्या किंवा चुलत्याच्या हाताखाली महिनोन्‌महिने उमेदवारी करून साचा शिकत असे. जिनमध्ये मुकादमाने आणलेली टोळी चार-पाच महिने राबते आणि पांगते. पुढच्या दसरा-दिवाळीस चेहरे बदललेले असतात. प्रस्तुत लेखकाच्या मते जिनिंगचा हा विशेष इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिला आहे. येथे नवखेपणा दरवर्षी नव्याने सुरू होतो.

१९४८ चा कायदा :

हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. त्याच वर्षीचा कारखाना कायदा १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला व पुढे मराठवाड्यापर्यंत पोहोचला. हंगामी आणि बारमाही हा १९३४ च्या कायद्यातील भेद त्याने काढून टाकला. चौदा वर्षांखालील मुलांना बंदी झाली. पंधरा ते अठरा वयाच्या किशोरास प्रौढाचे काम द्यायचे तर प्रमाणक शल्यचिकित्सकाचे पात्रता प्रमाणपत्र आणि कामाच्या वेळी जवळ बाळगावयाचे टोकन आवश्यक ठरले. प्रमाणपत्राची मुदत बारा महिन्यांची.

कलम २३ मात्र खऱ्या अर्थाने नवे होते. धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगारास उभे करण्यापूर्वी त्या यंत्राचे धोके व घ्यावयाची काळजी त्यास पूर्णपणे समजावून सांगितली पाहिजे. शिवाय एकतर त्याचे पुरेसे प्रशिक्षण झालेले असावे किंवा यंत्राची सखोल माहिती असलेल्या व्यक्तीची त्याच्यावर देखरेख असावी. सांगणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य झाले.

परंतु कोणती यंत्रे धोकादायक, हे ठरविण्याचे काम राज्यांच्या नियमांवर सोपविले होते. आदर्श नियमावलीतील यादीत पाच यंत्रे आढळतात : हायड्रॉलिकखेरीज पॉवर प्रेस, धातुकामाचे मिलिंग यंत्र, गिलोटिन, गोल करवत आणि प्लेटन छपाईयंत्र. शहरी धातुउद्योगाचा आणि छापखान्यांचा ठसा या यादीवर उघड दिसतो. त्यात जिन नाही. जिनिंगसाठी वेगळे नियम होते, पण ते भिंतीविषयीचे : जमिनीखालील शाफ्ट अखंड भिंतीने किंवा चढता न येणाऱ्या कुंपणाने बंदिस्त असावा, सरकी काढण्याच्या व तेल घालण्याच्या वाटांना दारे असावीत व ती कुलूपबंद ठेवावीत. कलम २७ ने कापूस दाबण्याच्या कारखान्यात कॉटन ओपनर चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुले यांना मनाई केली; मात्र यंत्राची दोन टोके छतापर्यंतच्या भिंतीने विभागलेली असल्यास अपवाद ठेवला. कापसाच्या मुलखासाठी कायद्याने भिंती सांगितल्या. नवख्याशी बोलण्याची सक्ती पाच यंत्रांपुरती राहिली.

उत्तरार्ध :

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातील उमेदवारांना आरोग्य, सुरक्षा व कल्याणाच्या तरतुदी लागू केल्या. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने सुरक्षेविषयी माहिती व प्रशिक्षण मिळविण्याचा हक्क सर्वच कामगारांना दिला. कागदोपत्री ही उणीव येथे भरून निघाली असे म्हणता येईल.

प्रत्यक्षात काय झाले, याचा एक विदारक दाखला लातूरचाच आहे. जानेवारी २०१७ अखेरीस लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका खाद्यतेल कारखान्यात टाकी साफ करताना नऊ कामगार गुदमरून मरण पावले. मृतांत आधी उतरलेल्यांच्या मदतीस गेलेलेही होते. अशा टाकीत सक्षम व्यक्तीच्या लेखी दाखल्याशिवाय उतरू नये, अन्यथा श्वसनसाधन असावे, कमरेच्या पट्ट्याचा दोर बाहेरच्या माणसाच्या हाती असावा, असे कलम ३६ तेव्हा सांगतच होते. मदतीला धावणारा मरतो तो बहुधा विषारी वायू दिसत नाही म्हणून. ही एवढी गोष्ट पाच मिनिटांत सांगता येते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. 'कारखाना' ठरण्यासाठी विजेवर चालणाऱ्या उद्योगात पूर्वी दहा कामगार पुरत. आता वीस लागतात. दहा कामगारांच्या आस्थापनेस संहितेतील मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये लागू आहेत, परंतु खास कारखान्यांसाठीच्या तरतुदी नाहीत. लातूरच्या लहान डाळ मिल आणि नांदेडकडील छोटे जिन या दहा व विसाच्या मधल्या पट्टीत किती येतात, यावर या भागात संहितेचा परिणाम अवलंबून राहील. सुरक्षेची तपशीलवार मानके संहितेने नियमांवर सोपविली आहेत, १९४८ मध्ये यंत्रांची यादी सोपविली होती तशीच.