चहागृहांचें गणकयंत्र

लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनीचा धंदा चहा, पाव आणि केक यांचा. १८९४ सालीं पिकॅडिलींत तिचें पहिलें चहागृह उघडलें. पुढें तीं दोनशेंच्या घरांत गेलीं. एका कपामागें नफा पेनीच्या अंशाएवढा आणि त्याचा हिशेब ठेवावयास कारकुनांची पलटण! हा नफा कारकुनीच खाऊन टाकील, ही चालकांची खरी धास्ती होती.

म्हणून १९२३ मध्यें केंब्रिजचे गणितज्ञ जॉन सिमन्स यांस कंपनीनें नोकरीस घेतलें. कोणता कागद कशासाठीं लिहिला जातो व तो कोणाच्या उपयोगीं पडतो, याचा शोध घेणारें एक खातेंच त्यांनीं पुढें उभें केलें. यंत्राची कल्पना निघण्यापूर्वीं कित्येक वर्षें हें काम चाललें होतें.

१९४७ मध्यें थॉम्सन व स्टँडिंगफोर्ड हे दोन अधिकारी अमेरिकेंतील कचेऱ्या व नवीं विद्युत्‌-गणकयंत्रें, ज्यांस आज संगणक म्हणतात, पाहावयास गेले. तेथें गोल्डस्टाइन यांजकडून कळलें कीं, असेंच यंत्र केंब्रिजमध्यें विल्क्स बांधीत आहेत. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा! कंपनीनें केंब्रिजला ३,००० पौंडांचें साहाय्य केलें. मे १९४९ मध्यें तेथील ‘एडसॅक’ चालूं झालें आणि त्याच्याच धर्तीवर पिंकर्टन या अभियंत्यानें कंपनीसाठीं ‘लिओ’ बांधलें.

परंतु नमुना जसाच्या तसा उचलून भागण्यासारखें नव्हतें. गणितज्ञ यंत्रास चार आंकडे देतो आणि तासन्‌तास आंकडेमोड करवितो. कचेरीचें काम नेमकें उलट. आंकडे हजारों आणि प्रत्येकावरची क्रिया क्षुल्लक. माहिती आंत घालण्याची व बाहेर काढण्याची वाटच अरुंद राहिली, तर एवढें वेगवान्‌ यंत्र रिकामें बसणार. चुंबकीय फितीचा पहिला प्रयत्न फसला. भोंकें पाडलेलीं कार्डें व कागदी फीत यांवर भागवावें लागलें. नोव्हेंबर १९५१ मध्यें बेकरीच्या मालाचा हिशेब ‘लिओ’वर सुरू झाला. पगारपत्रक मात्र १९५४ पर्यंत थांबलें. आठवड्याचा पगार चुकला तर यंत्राचें कौतुक कोण ऐकून घेणार?

त्याच वर्षीं चहागृहांच्या मागणीचें काम डेव्हिड कॅमिनर यांच्या मंडळींनीं बसविलें. प्रत्येक दुकानाची वारानुसार ठरीव मागणी कार्डांवर तयार असे. व्यवस्थापिकेनें टेलिफोनवरून फक्त फरक कळवावयाचा. तेवढ्यावरून माल भरण्याच्या याद्या निघत आणि कोठें काय खपतें हेंहि वरिष्ठांस समजे. जुनींच टिपणें मुकाट्यानें यंत्रांत घातलीं असतीं, तर हा लाभ पदरांत पडता ना.

१९६३ मध्यें कंपनीचा संगणक-व्यवसाय इंग्लिश इलेक्ट्रिकच्या व्यवसायांत मिळाला. पहिलें ‘लिओ’ जानेवारी १९६५ मध्यें बंद करण्यांत आलें.