ओहोटीला थांबा, भरतीला निघा: खांदेरीच्या होड्यांची गोष्ट

आजचा भाग पाण्याबद्दल आहे, आणि तोही कमरेएवढ्या पाण्याबद्दल. आरमार म्हटलं की तोफा, उंच शिडं आणि अथांग समुद्र डोळ्यांसमोर येतो. पण मराठ्यांचं आरमार सुरुवातीला वाढलं ते खाड्यांमध्ये. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि तिथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. जिथे बांबू टाकला की तळ लागतो, अशा पाण्यात होडी चालवणारी माणसं या आरमाराला मिळाली. या माणसांनी काय करून दाखवलं, ते बघायचं तर १६७९ सालच्या खांदेरीला जाऊ या.

खांदेरी म्हणजे अलिबागजवळच्या थळ गावासमोरचं बेट. पावसाळा सरता सरता महाराजांनी मायनाक भंडारींना माणसं देऊन तिथे पाठवलं आणि तटबंदीचं काम सुरू झालं. मुंबईचे इंग्रज हादरले, कारण मुंबई बंदरात ये-जा करणारी जहाजं या बेटावरून सहज दिसतात. त्यांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. धान्य, दारूगोळा, बांधकामाचं सामान, काहीच पोचू द्यायचं नाही, असा बेत.

ऑक्टोबरात दौलतखानाच्या आरमाराने हल्ला केला. इंग्रजांचं ‘डोव्हर’ हाती लागलं, पण ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढे मराठ्यांना मागे फिरावं लागलं. हे स्पष्ट सांगायला हवं: उघड्या समुद्रात, तोफेसमोर तोफ अशा लढाईत आपली बाजू कमजोर होती. मात्र मागे फिरलेल्या होड्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शिरल्या. मोठ्या जहाजाला तिथवर पाठलाग करणं शक्यच नव्हतं.

मग सुरू झाला रात्रीचा खेळ. सामान भरलेल्या होड्या अंधारात निघायच्या आणि वेढ्यातून निसटून बेट गाठायच्या. वारा पडला की शिडाचं जहाज जागच्या जागी डुलत राहतं. वल्ह्यांची होडी मात्र चालतच राहते. या होड्या आपल्या जहाजांपेक्षा चपळ आहेत, अशी कबुली इंग्रजांच्याच पत्रांत आहे. जानेवारी १६८० च्या अखेरीस त्यांनी समझोता करून माघार घेतली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. हे जमलं कसं?

नदी गाळ घेऊन येते. समुद्राला भिडताच तिचा वेग मंदावतो आणि वाळू खाली बसते. त्यामुळे खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा एक बांध तयार होतो. आत पाणी खोल, बाहेरही खोल आणि नेमकं दारातच उथळ! ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असेल आणि समोरून वारा-लाटा येत असतील, तर याच बांधावर लाटा उभ्या राहून फुटतात. छोट्या होडीला सगळ्यांत मोठा धोका तिथेच.

म्हणून पहिला नियम: पाणी चढत असताना बांध ओलांडायचा. चढत्या पाण्यात होडी वाळूला टेकली, तरी थोड्या वेळाने पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली, तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच बसा. आणि समोर शत्रूची तोफ असेल तर?

मग भरतीची वेळ कशी कळायची? कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. घड्याळाच्या काट्यावर बसणारं उत्तर नाही हे, पण अंदाजाला पक्कं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढणार आणि तितकंच उतरणार. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढउतार कमी.

उरली वाट. किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायच्या, समजा एक देऊळ आणि त्यामागचं डोंगराचं टोक. दोन्ही एका रेषेत दिसतायत तोवर होडी खोल पाण्यात आहे. रेष मोडली की सुकाणू वळवायचं. पण ही रेष कायमची नसते, कारण पावसाळ्यात पूर आणि लाटा वाळू हलवतात. दरवर्षी वाट नव्याने शोधावी लागते.

मला खटकतं ते इथे. खांदेरीच्या कागदांत सरदारांची नावं सापडतात, इंग्रज कप्तानांचीही सापडतात. अंधारात सुकाणू धरणाऱ्या तांडेलांची आणि वल्ही मारणाऱ्या कोळी-भंडारी खलाशांची नावं मात्र बहुतेक हरवली. किल्ल्याच्या बांधकामाचं सामान त्यांच्या होड्यांतून गेलं, आणि आपण किल्ल्याचा फोटो काढून परत येतो.

आज भरतीची वेळ तुमच्या फोनवर दिसते. वाळू यंदा कुठे सरकली आहे, हे मात्र अजूनही त्या खाडीत रोज होडी घालणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीला जाणार असाल, तर तो ‘आत्ता नको, पाणी उतरतंय’ म्हणाला की घाई करू नका. थांबा, आणि त्याला विचारा: खुणा कोणत्या धरता? कुणाकडून शिकलात? तो जे सांगेल ते रेकॉर्ड करून ठेवा. नावासकट.

भेटू पुढच्या भागात!