पत्त्यांची गुप्त रचना

जादूच्या प्रयोगात पत्त्यांचा कॅट प्रेक्षकांच्या नकळत ठराविक क्रमाने लावण्याचे तंत्र. ही रचना प्रयोगापूर्वी तयार ठेवलेली असते किंवा प्रयोग चालू असताना, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, साधली जाते. पत्ते पिसले की त्यांचा मूळ क्रम नाहीसा होतो, ही सर्वसामान्य समजूत या तंत्राचा पाया होय. ही समजूत कितपत खरी आहे, या प्रश्नाचा शोध घेत हातचलाखीची ही शाखा अखेर गणिताच्या एका महत्त्वाच्या निष्कर्षापर्यंत पोहोचली.

यूरोपात पत्त्यांचा प्रसार चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला आणि खेळाबरोबरच लबाडीही आली. इंग्रज लेखक रेजिनल्ड स्कॉट याने द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट (१५८४) या ग्रंथात, पिसताना विशिष्ट पत्ता तळाशी कसा राखावा, हे सांगितले आहे. चेटकीण ठरवून निरपराध माणसांचा छळ होत असलेल्या त्या काळात, चमत्कार भासणाऱ्या अनेक गोष्टी निव्वळ हातचलाखीच्या असतात, हे दाखवून देण्याचा त्याचा हेतू होता. व्हेनिस येथे १५९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या होरॅशिओ गालासोच्या इटालियन पुस्तिकेत पूर्वरचित पत्त्यांचे खेळ आढळतात. नियम आणि स्मरणशक्ती यांवर आधारलेले खेळ, असा त्या पुस्तिकेच्या शीर्षकातच निर्देश आहे. पूर्वरचनेची नियमबद्ध रचना आणि पाठ केलेली रचना ही दोन प्रमुख अंगे या दोन शब्दांत सूचित झाली आहेत.

नियमबद्ध रचनेचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे साय स्टेबिन्सची रचना. अमेरिकन जादूगार विल्यम कॉफ्रिन (१८६७–१९५०) याने हे टोपणनाव घेऊन १८९८ च्या सुमारास तिचा प्रसार केला. तथापि अशा रचनेचे मूळ त्याहून पुष्कळ जुने आहे. तीत प्रत्येक पत्ता आधीच्या पत्त्यापेक्षा तीनने मोठा असतो आणि किल्वर, बदाम, इस्पिक, चौकट हा रंगांचा क्रम पुन:पुन्हा येतो. उदा., किल्वर एक्का, बदाम चव्वी, इस्पिक सत्ती, चौकट दश्शी, किल्वर राजा, बदाम तिर्री. ही मालिका चक्राकार असल्याने कॅट कितीही वेळा काटला, तरी ती मोडत नाही. प्रेक्षकाने पत्ता काढला, की जादूगार त्याच्या लगत वरचा पत्ता चोरून पाहतो, त्यात तीन मिळवतो व पुढचा रंग सांगतो. या रचनेत तांबडे व काळे पत्ते एकाआड एक येतात; त्यामुळे पत्ते उघडे पसरल्यास चाणाक्ष प्रेक्षकाला संशय येऊ शकतो. हा दोष टाळण्यासाठी, वरवर कोणताही नियम न दिसणारा क्रम पाठ करण्याची पद्धत पुढे आली. लुई निकोला याने तिचे विवेचन १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेचे सायमन अॅरन्सन (१९४३–२०१९) व स्पेनचे हुआन तामारिझ (१९४२– ) यांच्या रचना विशेष मान्यता पावल्या.

प्रयोग चालू असताना पत्ते लावणे हे याहून कठीण. त्याचे काही मार्ग आहेत : पिसताना हवे ते पत्ते निवडून एकत्र आणणे, एका खेळानंतर टेबलावरील पत्ते बोलता बोलता हव्या त्या क्रमाने गोळा करणे, किंवा संपूर्ण कॅटच बदलणे. यानंतर पिसल्याचा केवळ आभास निर्माण केला जातो. एस्. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने १९०२ मध्ये निघालेल्या द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल या पुस्तकात या क्रियांचे तपशीलवार वर्णन आहे. त्याचा मोठा भाग जुगाऱ्यांच्या लबाडीविषयी आहे. हात तोच, कसबही तेच. परंतु जुगारी समोरच्याचा विश्वास व पैसा दोन्ही लुबाडतो, तर जादूगाराकडून आपण फसवले जाणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते.

पिसणे हेच रचनेचे साधन होऊ शकते, हे फारो या पद्धतीवरून दिसते. तीत कॅटचे २६–२६ पत्त्यांचे दोन भाग करून पत्ते एकाआड एक अचूक गुंफतात. सर्वांत वरचा पत्ता वरच राहील अशा रीतीने आठ वेळा गुंफल्यास ५२ पत्ते मूळ क्रमावर येतात. तो दुसऱ्या स्थानी जाईल अशा रीतीने गुंफल्यास मात्र त्यासाठी ५२ वेळा गुंफावे लागते. या दोन प्रकारांचा मेळ द्विमान अंकपद्धतीनुसार घातल्यास वरचा पत्ता हव्या त्या स्थानी नेता येतो, हे ब्रिटिश जादूगार व संगणकतज्ञ ॲलेक्स एल्म्सली (१९२९–२००६) यांनी दाखविले. नॉर्मन गिलब्रेथ यांनी १९५८ मध्ये मांडलेले तत्त्व याहून विस्मयकारक आहे. तांबडे–काळे पत्ते एकाआड एक लावून, काही पत्ते एकेक करून टेबलावर वाटून त्यांचा क्रम उलटा केला व दोन्ही गठ्ठे प्रेक्षकाकडून एकदा एकमेकांत मिसळून घेतले, तरी वरून घेतलेल्या प्रत्येक जोडीत एक तांबडा व एक काळा पत्ता येतो.

एका रचनेचे नाते भारतीय छंदःशास्त्राशी जुळते. ‘यमाताराजभानसलगा’ या सूत्रातील लागोपाठची कोणतीही तीन अक्षरे घेतली असता एक गण मिळतो आणि आठही गण एकेकदाच येतात. याच तत्त्वावर ३२ पत्त्यांचे तांबडे व काळे रंग असे लावता येतात, की सलग पाच पत्त्यांचा रंगक्रम संपूर्ण चक्रात फक्त एकदाच आढळतो. कॅट काटून पाच प्रेक्षकांनी सलग एकेक पत्ता घेतल्यावर, तांबडा पत्ता असणाऱ्यांना उभे राहण्यास सांगताच पाचही पत्ते कळतात. पर्सी डायकॉनिस (१९४५– ) व रोनाल्ड ग्रॅहम (१९३५–२०२०) यांनी २०११ मध्ये मॅजिकल मॅथेमॅटिक्स या ग्रंथात या नात्याची चर्चा केली.

डायकॉनिस यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन (१८९४–१९९२) या जादूगाराबरोबर भ्रमंती केली व पुढे ते संख्याशास्त्रज्ञ झाले. चार्ल्स जॉर्डन (१८८८–१९४४) याच्या एका जुन्या खेळात लावलेला कॅट तीनदा मिसळून एक पत्ता जागचा हलवला, तरी तो ओळखता येई. तीनदा मिसळल्याने मूळ क्रमाचे फार तर आठ तुकडे होतात. हलवलेला पत्ता त्यांत बहुधा एकटाच उठून दिसतो. या खेळामागील तत्त्वाचा विस्तार करून डेव्ह बेयर व डायकॉनिस यांनी १९९२ मध्ये असे सिद्ध केले, की ५२ पत्ते पुरेसे मिसळण्यास सामान्यतः सात वेळा पिसणे आवश्यक असते. जुगारगृहांसाठी बनविलेल्या एका पिसणाऱ्या यंत्राचे त्यांनी सहकाऱ्यांसह परीक्षण केले. ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण मिसळलेल्या कॅटमधील पत्ते एकेक उघडत पुढचा ओळखू गेल्यास सरासरी साडेचार पत्ते बरोबर येतात. यंत्राने पिसलेल्या कॅटमध्ये योग्य पद्धतीने सुमारे साडेनऊ ओळखता येत होते. पिसलेल्या पत्त्यांतही पूर्वक्रमाच्या खुणा टिकून राहतात, हे जादूगारांनी अनुभवाने जाणले होते. गणिताने त्याचे मोजमाप केले.