मुखवट्यामागचा माणूस

एखाद्या जुन्या कलावंताला भेटायला तीस-चाळीस माणसे लहानशा खोलीत जमली, की आपण त्याला मैफल म्हणतो. जपानमध्ये अशा मैफली दूरचित्रवाणीच्या जुन्या नटांभोवती भरतात. तिकीट काढून लोक येतात. नटाचे केस पिकलेले, आणि ऐकणारेही बरेचसे साठीच्या आसपासचे. कुणाच्या पिशवीत लहानपणचा रबरी बाहुला असतो, कुणाच्या हातात सही घेण्यासाठी जाड चौकोनी पुठ्ठा. नट चित्रीकरणाच्या आठवणी सांगतो, मग सह्या होतात, सोबत छायाचित्र काढले जाते. मी कविता वाचणारा माणूस. मोठ्या मुशायऱ्यातल्या टाळ्यांपेक्षा वीस जाणकारांची दाद काय मोलाची असते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच या मैफलींचा इतिहास मला ओढ लावतो.

माझ्या पिढीने १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ ही जपानी मालिका पाहिली. मनगटावरच्या घड्याळात बोलून एक मुलगा त्या प्रचंड रोबोला बोलवायचा. त्या पोशाखाच्या आत एक घामाघूम माणूस आहे, हे तेव्हा आमच्या मनातही येत नसे. अशाच एका पोशाखातल्या माणसाची ही गोष्ट.

१७ जुलै १९६६ रोजी जपानमध्ये ‘अल्ट्रामॅन’ ही मालिका सुरू झाली. तिचे कर्तेधर्ते होते एइजी त्सुबुराया. १९५४च्या ‘गोजिरा’ चित्रपटातला, म्हणजे जगाला ‘गॉडझिला’ म्हणून माहीत असलेला राक्षस पडद्यावर उभा करणारे तेच. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता चंदेरी-तांबड्या अंगाचा हा परग्रहवासी वीर राक्षसांशी झुंजायचा. पृथ्वीवर त्याची ताकद तीनच मिनिटे टिके. एकूण ३९ भाग झाले आणि सरासरी ३६.८ टक्के प्रेक्षकसंख्या मिळाली. हायाता या नायकाच्या भूमिकेतले सुसुमु कुरोबे घराघरांत पोचले. हायाताचे रूपांतर झाले, की पोशाखात मात्र दुसरा माणूस असे. त्याचे नाव बिन फुरुया.

फुरुया तोहो कंपनीचे तरुण नट. पडद्यावरचा देखणा नायक व्हावे, हे त्यांचे स्वप्न. पण वीराची आकृती रेखाटणाऱ्या तोरु नारिता या शिल्पकाराला त्यांची उंच, सडपातळ अंगकाठी मनात भरली. आधीच्या ‘अल्ट्रा क्यू’ मालिकेत एका परग्रहवासीयाच्या पोशाखात त्यांनी फुरुयांना पाहिले होते. चेहरा झाकणारे काम फुरुयांना नको होते. शेवटी आग्रहापुढे ते तयार झाले.

पोशाख पाणबुड्यांच्या रबरी कपड्यासारखा, अंगाला घट्ट चिकटणारा. चित्रीकरणाच्या दिव्यांखाली आत भट्टी पेटे. मुखवट्यातून काही दिसेना, म्हणून डोळ्यांच्या खाली ऐनवेळी भोके पाडली गेली. लढताना किंचित वाकून उभे राहण्याची ढब फुरुयांनी जेम्स डीन या अमेरिकन नटाच्या एका चित्रपटातल्या चाकूच्या मारामारीवरून घेतली. दोन्ही हातांची फुली करून किरण सोडण्याचा पवित्रा तर ते आरशासमोर रोज तीनशे वेळा गिरवीत. पुढे तोच पवित्रा जपानमधल्या पोराटोरांच्या अंगवळणी पडला.

एकदा ते अगदी टेकीला आले. काम सोडतो, असे सांगायचे ठरवून बसमध्ये बसले. वाटेत काही मुले चढली आणि अल्ट्रामॅनबद्दल डोळे चमकवीत बोलू लागली. आपल्याशेजारी कोण बसले आहे, याची त्यांना काय कल्पना! फुरुयांनी राजीनाम्याचा विचार सोडला. तोंडावर मिळालेली दाद सगळेच मोजतात. ओळख न देता ऐकलेली दाद फार थोड्यांच्या नशिबी येते.

१९६७च्या ‘अल्ट्रासेव्हन’ मालिकेत त्यांना आमागी या सैनिकाची, उघड्या चेहऱ्याची भूमिका मिळाली. पुढे ते नटाचे काम सोडून कार्यक्रमांच्या व्यवसायात शिरले. १९९१ साली तो व्यवसाय बंद पडला आणि फुरुया जुन्या सहकाऱ्यांपासून दूर झाले, ते थेट २००७च्या सुमारास परतले. २००९ साली त्यांचे आठवणींचे पुस्तक आले. त्यानंतर लहान-मोठ्या मेळाव्यांत, अमेरिकेतल्या चाहत्यांच्या संमेलनातही, लोक त्यांना डोळे भरून पाहू लागले.

मला या मैफलींचे महत्त्व इथेच वाटते. चित्रपटसंस्था नायकाचे छायाचित्र जपतात. पण पोशाखाच्या आत किती ऊब होती, भोके कुठे पाडली, कोणत्या प्रसंगी तोल गेला, हे विचारणारा चाहताच असतो. एकाच भागातले तेच दृश्य शंभरदा पाहून तो असा नेमका प्रश्न विचारतो, की नटालाही विसरलेले आठवते. श्रमाचा इतिहास पुष्कळदा असाच, प्रश्नोत्तरांतून वाचतो.

२०२२ साली ‘शिन अल्ट्रामॅन’ हा चित्रपट आला. त्यातला वीर संगणकावर घडवलेला. २००२ साली वारलेल्या नारितांच्या मूळ कल्पनेनुसार त्याच्या छातीवरचा दिवा काढला, आणि ती डोळ्यांखालची भोकेही गेली. पण हालचाली कुणाच्या घ्यायच्या? त्यासाठी पटकथाकार हिदेआकी आन्नो यांच्या जोडीला फुरुयांनाच बोलावले गेले. आन्नो स्वतः लहानपणापासूनचे अल्ट्रामॅनवेडे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने अंगाला यंत्राच्या खुणा लावून पुन्हा तोच पवित्रा घेतला. या वेळी पोशाखाची गरजच नव्हती.