क्रोधाची मुद्रा

सन १८६७ च्या आरंभीं इंग्लंडांतील केंट परगण्यांतल्या डाऊन या खेड्यांतून सोळा प्रश्नांची एक यादी जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांकडे रवाना होऊं लागली. पाठविणारे गृहस्थ चार्ल्स डार्विन. आठ वर्षांपूर्वीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानें युरोपांत वादळ उठविलें होतें, आणि आतां त्यांना एका वेगळ्याच गोष्टीचा छडा लावावयाचा होता. आनंद, भय, लज्जा, शोक, संताप यांनीं मन भरून आलें म्हणजे माणसाचा चेहरा व शरीर जें कांहीं करतें, तें सर्व मानवजातींत सारखेंच असतें काय? तसें असेल तर तें शिकून आलेलें नव्हे, जन्मतःच मिळालेलें आहे असें ठरेल, आणि सर्व मानव एका कुळांतले या मताला बळकटी येईल. यादींतला तिसरा प्रश्न रागाविषयींचा होता. मनुष्य संतापला किंवा कोणाला आव्हान देऊं लागला म्हणजे त्याच्या कपाळाला आठ्या पडतात काय, मान व धड ताठ होतात काय, खांदे रुंदावतात काय आणि मुठी वळतात काय, असें डार्विनना विचारावयाचें होतें.

एकंदर ३६ निरीक्षकांकडून उत्तरें आलीं. त्यांत मिशनरी होते, वसाहतींतील अधिकारी होते, कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे पर्यवेक्षक स्कॉट होते. मुंबई इलाख्यांतून उत्तर देणारे गृहस्थ म्हणजे त्या वेळीं अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे ज्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे त्या जिल्ह्यांत, नेमणुकीवर असलेले एच. अर्स्किन हे मुलकी अधिकारी. चिंचवड, पिंपरी, चाकण हीं गांवें ज्या पुणें जिल्ह्यांत येतात त्याचा हा अगदीं शेजारी. मध्यें घोड नदी तेवढी. तिच्या दोन्ही कांठांवर भाषा तीच, जिराईत शेती तीच, कर्जाची रीतहि तीच. अर्स्किन यांनीं लोकांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेविलें, कानड्याच्या न्यायाधीशांकडून माहिती मागविली, कांहीं जाणत्या एतद्देशीय गृहस्थांचाहि सल्ला घेतला. आणि शेवटीं त्यांनीं कळविलें कीं, खात्रीलायक निष्कर्ष काढणें फार कठीण जातें. कारण युरोपीय मनुष्य समोर असला म्हणजे हे लोक आपल्या मनांतले विकार संवयीनेंच झांकून ठेवतात. १८७२ सालीं मनोविकारांच्या आविष्कारावरील आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत डार्विन यांनीं ही अडचण प्रामाणिकपणें नमूद केली, आणि ते पुढें गेले.

शास्त्रज्ञाला हें उत्तर निरुपयोगीच वाटलें असेल. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तें मोलाचें वाटलें पाहिजे. पेशवाई बुडून अर्धें शतक लोटलें होतें, सत्तावन्नचा उठाव अवघ्या दहा वर्षांमागचा होता, आणि एका जिल्ह्याचा अधिकारी स्वहस्तें लिहून देत होता कीं ज्यांच्यावर आपण राज्य करतों त्यांचा राग आपल्याला दिसत नाहीं. तो राग नाहीं, असें त्यांनीं लिहिलें नाहीं, एवढें त्यांच्या पदरीं अवश्य टाकावें.

त्याच ग्रंथांत स्कॉट यांच्या निरीक्षणांचे जे दाखले आहेत ते या संदर्भांत पाहण्यासारखे आहेत. चोरीचा आळ आलेला एक बंगाली मनुष्य प्रथम मुकाट्यानें, छाती पुढें काढून, ओंठ मिटून व नजर रोखून उभा राहतो; मग हात वर उचलून व मुठी वळून आपलें निर्दोषत्व सांगूं लागतो. सिक्कीममधील दोन मेची मजूर पैशाच्या वांटणीवरून भांडतात, तेव्हां त्यांच्या माना पुढें येतात, खांदे वर चढतात, हात कोंपरांत वांकतात, पण मुठी पुरत्या वळत नाहींत. पहिल्याला गप्प राहून भागण्यासारखें नव्हतें आणि दुसरे दोघे साहेबावर रागावलेले नव्हतेच. म्हणूनच स्कॉट यांना एवढें बारकाईनें पाहतां आलें. डार्विन यांच्या प्रश्नांत एक पद राहून गेलें होतें: मनुष्य कोणावर रागावला आहे?

हें पद आपल्याकडील नाट्यशास्त्रकारांनीं सोडलेलें नाहीं. भरतमुनींच्या नांवावर असलेल्या नाट्यशास्त्रांत रौद्ररसाचा स्थायीभाव क्रोध, वर्ण तांबडा, देवता रुद्र. आणि तो ओळखण्याचीं चिन्हें म्हणजे आरक्त नेत्र, चढलेली भिवई, दांतओंठ खाणें, गालांचें स्फुरण, हातावर हात चोळणें. येथपर्यंत डार्विन व भरत यांचें बरेंच जुळतें. पण भरत पुढें क्रोधाचे पांच प्रकार सांगतात, आणि ते सांगतांना राग किती तीव्र आहे हें न पाहतां तो कोणावर आहे हें पाहतात. शत्रूवरचा राग, वडीलधाऱ्यांवरचा वा गुरूवरचा राग, प्रिय माणसावरचा राग, सेवकावरचा राग, आणि पांचवा कृतक म्हणजे नुसता आणलेला. शत्रूवर रागावलेल्या पुरुषानें भिवई वांकडी करावी, ओंठ चावावा, स्वतःच्या बाहूंकडे पाहावें. त्याला कसलेंच बंधन नाहीं. गुरुजनांवर रागावलेला मात्र नजर किंचित् खालीं ठेवतो, डोळ्यांतलें पाणी व अंगावरचा घाम पुसतो आणि विनयाच्या दाव्यानें बांधलेला असल्यामुळें कोणतीहि उग्र हालचाल करीत नाहीं. प्रेमांतल्या रुसव्याला अश्रु व तिरपी नजर. नोकरावरच्या रागाला वटारलेले डोळे व तर्जना. अर्स्किन यांना नगर जिल्ह्यांत जो दिसला नाहीं तो राग बहुधा या दुसऱ्या जातीचा होता. फरक एवढाच कीं, येथें विनयाची जागा भीतीनें घेतली होती.

मराठी भाषेलाहि हा भेद चांगला ठाऊक आहे. डोळे वटारणें, भिवया चढविणें, दांतओंठ खाणें, नाकपुड्या फुगविणें, तळपायाची आग मस्तकास जाणें हे बलवानाच्या वा बरोबरीच्याच्या रागाचे वाक्प्रचार झाले. चरफडणें, धुसफुसणें, राग गिळणें, मूग गिळून बसणें हे दुबळ्याच्या वाट्याला आले. सासरीं नांदणाऱ्या सुनेचा राग भांड्यांच्या आवाजावरून ओळखावा लागतो, हें कोणत्याहि घरांत सांगितलें असतें. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघालेली होती. म्हणजे या भाषेचें भांडार अर्स्किन साहेबांच्या हाताशींच होतें, पण प्रश्न चेहऱ्याचा असल्यामुळें कोशाकडे कोण पाहतो?

एकाच माणसाच्या रागानें क्षणांत जात कशी बदलावी याचा आपल्या इतिहासांतला सुप्रसिद्ध प्रसंग आग्र्याचा आहे, आणि त्याचा एक धागा चाकणच्या तटापर्यंत मागें जातो. १६६० च्या जूनमध्यें शायिस्तेखानानें चाकणच्या भुईकोटास वेढा घातला. संग्रामदुर्ग हें नांव मोठें, किल्ला लहान. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. तरी तो सुमारें ५६ दिवस झुंजला आणि सुरुंगानें बुरूज उडाल्यावरच ऑगस्टच्या मध्यास खानाच्या हातीं लागला. १६६३ च्या एप्रिलांत लाल महालावर छापा पडला व याच खानाचीं बोटें तुटलीं. त्या वेळीं त्याच्या साहाय्यास असलेला राजा जसवंतसिंह आणि खानाची बहीण ज्याच्या घरांत दिलेली होती तो जाफरखान वजीर, हे दोघेहि १२ मे १६६६ रोजीं आग्र्याच्या दरबारांत शिवाजीमहाराजांच्या पुढच्या जागीं होते.

त्या दिवसाचा वृत्तांत आमेरच्या राजाकडील कारभारी परकालदास यानें आपला वरिष्ठ कल्याणदास यास लिहिलेल्या राजस्थानी पत्रांत आहे. जदुनाथ सरकारांनीं हीं पत्रें अभ्यासकांपुढें आणिलीं तेव्हांपासून या प्रसंगाचें वर्णन बखरींवर विसंबून करण्याचें कारण उरलेलें नाहीं. बादशहाच्या वाढदिवसाचा दरबार होता. महाराजांनीं नजर केली. बादशहा त्यांच्याशीं एक शब्दहि बोलला नाहीं, आणि त्यांना मागें नेऊन पंचहजारी सरदारांच्या रांगेंत उभें केलें गेलें. विडे वांटले गेले, तो त्यांनाहि मिळाला. मग खिलतीची वेळ आली. शाहजाद्यांना, जाफरखानाला, जसवंतसिंहाला वस्त्रें मिळालीं, महाराजांना नाहीं. येथें पत्रलेखक जें टिपतो तें रागाचें पहिलें चिन्ह म्हणजे भरून आलेले डोळे. आठी नाहीं, मूठ नाहीं. बादशहाच्या नजरेंतून तें सुटलें नाहीं. त्यानें रामसिंहास विचारपूस करण्यास पाठविलें.

रामसिंह जवळ आला आणि त्या रागानें पालट घेतला. आपण कसे पुरुष आहों हें तुम्ही पाहिलें आहे, तुमच्या वडिलांनीं पाहिलें आहे, तुमच्या बादशहानें पाहिलें आहे, तरीहि आपल्याला मुद्दाम एवढा वेळ उभें केलें, मनसब आपल्याला नको, अशा आशयाचें बोलून महाराजांनीं सिंहासनाकडे पाठ केली व ते चालूं लागले. रामसिंहानें हात धरला, तो त्यांनीं झटकून सोडविला आणि एका बाजूला जाऊन ते बसले. मुघल दरबारांत उभें राहणें हाच आदर होता. त्या दरबारांत पाठ दाखविणें आणि खालीं बसणें या दोन हालचालींचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नसेल. बादशहानें तीन सरदारांना खिलत देऊन समजूत घालण्यास धाडलें. महाराजांनीं ती नाकारली. डोळ्यांतलें पाणी हें भरतांच्या दुसऱ्या प्रकारांतलें, आणि फिरविलेली पाठ ही उघड पहिल्या प्रकारांतली. मधलें अंतर कांहीं पळांचें. त्याच मुद्रेचें दरबारच्या अधिकृत फारसी इतिहासांतलें वाचन निराळें आहे. तेथें हा सगळा प्रकार दरबारी रीतिरिवाजांची संवय नसलेल्या मनुष्याच्या भलत्या अपेक्षांचा ठरतो. आमेरच्या कारभाऱ्याला जेथें अपमानाची जखम दिसली तेथें बादशाही लेखणीला गांवंढळपणा दिसला. रागाचें वाचन करणारा कोणाच्या पदरीं आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतें.

पाठ फिरविण्याची ही भाषा पुढें पुणें व नगर या दोन जिल्ह्यांतल्या कुणब्यांनीं वापरली. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ मध्यें, कापसाचा भाव चढला, पत वाढली, कर्जें वाढलीं. युद्ध संपलें आणि भाव उतरला. त्यांतच १८६७ पासून सरकारी साऱ्याची नवी आकारणी सुरू झाली. ज्या वर्षीं साहेब चेहरे पाहत होता त्याच वर्षीं हें घडूं लागलें होतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडे गांवच्या लोकांनीं सावकारांशीं व्यवहार तोडला. त्यांच्या शेतावर कोणी जाईना, न्हावी हजामत करीना, पाणी कोणी भरीना. आरडाओरडा नाहीं, मारहाण नाहीं. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतल्या सुपें गांवीं बाजाराचा दिवस होता. त्या दिवशीं जमावानें सावकारांचीं घरें व दुकानें गांठलीं, आणि लोण लौकरच नगर जिल्ह्यांत पारनेर, श्रीगोंदें या बाजूंना पोंचलें. लोकांना हवे होते ते कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या. त्या हातीं आल्या म्हणजे त्यांची होळी होई, आणि जेथें त्या मुकाट्यानें दिल्या गेल्या तेथें माणसांच्या अंगाला हात लागण्याचे प्रसंग क्वचितच आले. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. डार्विन यांचा ग्रंथ त्या वेळीं इंग्लंडांतल्या घरोघरच्या कपाटांत होता. नगर जिल्ह्याविषयींचें त्यांतलें तें एक वाक्य कमिशनच्या सभासदांनीं वाचलें असतें तर त्यांचें बरेंच काम हलकें झालें असतें.

पुढील शतकांत हा प्रश्न पुन्हा उकरला गेला. १९६७-६८ च्या सुमारास पॉल एकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें न्यूगिनींतल्या फोरे लोकांना चेहऱ्यांचीं छायाचित्रें दाखविलीं, आणि रागाची मुद्रा सर्वत्र ओळखली जाते असें प्रतिपादिलें. डार्विन यांचा पक्ष जिंकला असें कांहीं दशकें वाटत राहिलें. २०१९ सालीं लिसा फेल्डमन बॅरेट व त्यांचे चार सहकारी यांनीं हजारावर निबंध चाळून दाखविलें कीं, रागावलेला मनुष्य कपाळाला आठ्या घालतो हें खरें असलें तरी तो बहुतेक वेळां तसें करीत नाहीं, आणि आठ्या पडल्या म्हणजे राग असतोच असेंहि नाहीं. मन एकाग्र करणाऱ्या माणसाच्या कपाळावरहि त्या असतात. नगरच्या कलेक्टर कचेरीच्या आवारांत हात जोडून उभ्या असलेल्या कुणब्यानें एवढी गोष्ट दीडशें वर्षांपूर्वींच दाखवून दिली होती.

एवढ्यावर हा वाद थांबला असता, पण मधल्या काळांत चेहरा वाचण्याचें काम यंत्रांकडे गेलें. चित्रांतील भिवई व ओंठ मोजून मनुष्य रागावला आहे कीं काय हें सांगणारीं यंत्रें विकत मिळूं लागलीं, व त्यांचें गिऱ्हाईक म्हणून कारखानदार व मालक पुढें आले. युरोपीय संघानें २०२४ सालीं कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीं जो कायदा केला त्यांत कामाच्या जागीं व शाळांत माणसाच्या भावना अशा रीतीनें ताडण्यास मनाई आहे. वैद्यकीय व सुरक्षिततेचीं कारणें तेवढीं वगळलीं आहेत. ती मनाई २ फेब्रुवारी २०२५ पासून अंमलांत आली. जेथें फिरंगोजीनें खान अडवून धरला त्या चाकणच्या माळावर, आणि तेथून पिंपरी-चिंचवडपर्यंत, आज मोटारींचे व यंत्रांचे कारखाने उभे आहेत, आणि त्यांतले कांहीं युरोपीय कंपन्यांचे आहेत. हा कायदा मात्र युरोपांतल्या कामगाराच्या चेहऱ्यापुरता आहे.