परिभाषेतला 'तो'

वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये स्थापन झाला. दिल्लीच्या आर. के. पुरममधील या आयोगाचा एक नियम असा: परकी शब्द हिंदीत घेताना, सबळ कारण नसेल तर, पुल्लिंगी वापरावा. हिंदीत नपुंसकलिंग नाही, हे ध्यानात घ्यावे. मराठीत ट्रक तो, बस ती, टेबल ते.

हे झाले वस्तूंचे. माणसांबाबत १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम १३ पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरते. कायद्यात ते चालून जाते. पण यंत्राच्या माहितीपुस्तिकेत सतत 'तो वापरकर्ता' वाचणाऱ्या विद्यार्थिनीने काय समजावे? माझ्या मते मराठीला नवे सर्वनाम नकोच. 'तो बटण दाबतो' ऐवजी 'बटण दाबावे' लिहावे. कर्ता हवाच असेल तर 'त्यांनी' आहे: 'ते' आणि 'त्या' निराळे, पण प्रत्यय लागला की दोघांचे रूप एकच.